खरा चेहरा कोणत्या फोटोत येतो?

१८४० च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये एका माणसाने स्वतःच्या प्रेताचा फोटो काढला. माणूस तेव्हा धडधाकट होता आणि पुढे १८८७ पर्यंत जगला. त्याचं नाव इपोलित बायार. फोटोत तो जरा कलंडून, मागे टेकून बसलेला दिसतो. कमरेला कापड गुंडाळलंय, वरचं अंग उघडं आहे, डोळे मिटलेत, हात पुढ्यात जुळवून ठेवलेत. बाजूला रुंद काठांची गवती हॅट टांगलीय. फोटोच्या पाठीमागे त्याने मजकूर लिहिला. त्याचा आशय असा: हे प्रेत श्री. बायार यांचं. सरकारने दागेर यांच्यावर मेहेरनजर केली आणि बायार यांच्यासाठी आम्हाला काही करता येत नाही असं सांगितलं, तेव्हा या दुर्दैवी माणसाने पाण्यात जीव दिला. कित्येक दिवस प्रेत शवागारात पडून आहे, ओळख पटवायला कुणी आलेलं नाही. मंडळी, तुम्ही पुढे चला, कारण चेहरा आणि हात कुजायला लागलेत.

चेहरा आणि हात फोटोत खरोखरच काळपट आले आहेत. ते उन्हाने रापलेले होते, आणि त्या काळच्या रसायनांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम पटकन व्हायचा, तांबूस-पिवळ्याचा जवळजवळ व्हायचाच नाही. त्यामुळे रापलेली कातडी होती त्याहून बरीच गडद उमटायची. बायारने हा दोष हेरला आणि तोच कथेत गोवून टाकला.

त्याच्या रागाला कारण होतं. लुई दागेरने फोटो उमटवायची रीत शोधल्याची बातमी १८३९ च्या जानेवारीत आली, १९ ऑगस्टला त्याची सगळी कृती पॅरिसमध्ये जाहीरपणे सांगितली गेली आणि फ्रेंच सरकारने त्याला वर्षाला ६००० फ्रँकची पेन्शन बांधून दिली. बायार अर्थखात्यातला नोकरदार. त्याने आपल्या डोक्याने थेट कागदावर फोटो उमटवायची वेगळीच रीत शोधली होती. इतकंच नव्हे, त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे दागेरची कृती लोकांपुढे येण्याआधी, त्याने असे ३० फोटो पॅरिसमध्ये मांडूनही दाखवले होते. तरी श्रेय गेलं ते गेलंच.

आता या फोटोला खरा म्हणायचं की खोटा? त्यात सांगितलेली एकही गोष्ट घडलेली नाही. पण त्या वर्षी बायारवर काय बेतलं होतं, हे कोट-टाय घालून ताठ बसलेल्या फोटोतून कधीच कळलं नसतं. पोर्ट्रेटबद्दलचा सगळा गुंता मला या एका फोटोत दिसतो. आपण सहज म्हणून जातो, ‘या फोटोत तू अगदी तू वाटतोस’, किंवा ‘हा फोटो तुझा वाटतच नाही’. नाक-डोळे तर दोन्हीकडे तेच असतात. मग एकात काय आलं आणि दुसऱ्यात काय राहून गेलं?

आधी शरीराच्या आणि भिंगाच्या बाजूने बघू, कारण स्वतःच्या फोटोबद्दलची निम्मी नाराजी तिथेच उलगडते.

स्वतःचा चेहरा आपण आयुष्यभर आरशात पाहतो. आरसा डाव्याला डावीकडेच दाखवतो. फोटो आपल्याला समोर उभ्या असलेल्या माणसाच्या जागी नेऊन ठेवतो, म्हणजे बाजू बदलतात. डाव्या नाकपुडीतली चमकी आरशात डाव्या हाताला दिसते, फोटोत ती उजव्या हाताला जाते. भांग फिरतो, गालावरचा तीळ फिरतो. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा कुणाचाच नसतो, त्यामुळे ही अदलाबदल डोळ्याला खटकते, पण नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठात यावर एक साधा प्रयोग झाला. विद्यार्थिनींना त्यांच्याच फोटोची एक सुलट आणि एक उलट प्रत दाखवली. त्यांना आरशासारखी उलट प्रत जास्त आवडली. त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सुलट आवडली. ज्याला जे रूप रोज दिसतं, ते त्याला बरं वाटतं. सेल्फी घेताना फोन स्क्रीनवर आरशातलं रूप दाखवतो आणि बरेच फोन साठवताना ते सुलट करतात. बटण दाबल्यावर चेहरा एकदम बदलल्यासारखा वाटतो त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट अंतराची. समजा नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर अंतर आहे. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४२ सेंटिमीटरवर पडतात. म्हणजे कान नाकापेक्षा तब्बल ४० टक्के लांब, आणि लांबची वस्तू लहान दिसते. आता कॅमेरा दीड मीटरवर न्या. नाक १५० वर, कान १६२ वर. फरक जेमतेम ८ टक्के. चेहरा तोच, पण पहिल्या फोटोत नाक पुढे येऊन फुगतं आणि कान मागे लपतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांनी हाच हिशेब मांडला होता. १२ इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून घेतलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं त्यांनी दाखवलं. सेल्फी दाखवून नाक लहान करून मागणाऱ्यांना हे समजावून सांगायची वेळ त्यांच्यावर आली होती. लोक भिंगाला दोष देतात, पण खेळ सगळा अंतराचा आहे. पोर्ट्रेटला ८५ मिलिमीटरची लेन्स वापरतात ती फोटोग्राफरला चार पावलं मागे सरायला लावते म्हणून.

तिसरी गोष्ट वेळेची. सुरुवातीच्या काळात फोटो उमटायला काही मिनिटं लागायची, म्हणून बसणारा माणूस डोकं मागच्या आधाराला टेकवून, चेहरा निर्विकार ठेवून बसायचा. जुन्या फोटोंतले सगळे लोक गंभीर दिसतात याचं हे एक कारण, ते दुःखी होते म्हणून नव्हे. आज कॅमेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात काम उरकतो. इतक्या छोट्या क्षणात चेहरा कधीच कुणी पाहिलेला नसतो. माणूस बोलत असताना ओठ मध्येच कुठेतरी असतात, पापणी अर्धवट उतरलेली असते. समोरच्याला हे जाणवत नाही, कारण तो हलता चेहरा पाहतो. कॅमेरा त्यातला एक कण उचलतो आणि पुढे तोच कायमचा तुमचा चेहरा होऊन बसतो.

मग अनेक फोटोंतून एक चेहरा ओळखणं किती कठीण असतं? २०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांपुढे ४० फोटो ठेवले आणि सांगितलं, एकेका माणसाचे फोटो वेगळे करा. फोटो होते फक्त दोघींचे, प्रत्येकीचे २०. दोघीही नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध, ब्रिटनमध्ये अनोळखी. ब्रिटिश लोकांनी सरासरी सात-आठ वेगवेगळ्या बायका ‘ओळखल्या’. त्यांच्यापैकी एकालाही दोन हे बरोबर उत्तर सापडलं नाही. तेच फोटो डच लोकांपुढे ठेवले तेव्हा बहुतेकांनी झटक्यात दोन गठ्ठे केले.

हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यातून असं दिसतं की फोटोत चेहरा ‘येतो’ याचं बरंचसं श्रेय पाहणाऱ्याकडे जातं. ज्याने माणसाला हसताना, चिडताना, झोपेतून उठताना पाहिलेलं असतं, तो कुठल्याही फोटोत त्याला शोधून काढतो. अनोळखी माणसाला प्रत्येक फोटो नवा माणूस दाखवतो. एकाच फोटोवरून ‘हा माणूस असा दिसतो’ हे ठरवता येत नाही, तर ‘हा माणूस असा आहे’ हे कुठून ठरणार?

स्वतःला तरी आपण नीट ओळखतो का? २००८ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांच्या फोटोंची थोडी सुंदर केलेली आणि थोडी कुरूप केलेली रूपं तयार केली आणि त्यांतून खरा फोटो ओळखायला सांगितला. लोकांचा कल सुंदर केलेल्या रूपाला स्वतःचं म्हणण्याकडे होता. पुढे ऑस्ट्रेलियात आणखी एक गोष्ट तपासली गेली. लोकांनी आपल्याच फोटोंतले ‘मी सर्वांत जास्त ज्यात माझ्यासारखा दिसतो’ असे फोटो निवडले. त्याच फोटोंतून अनोळखी लोकांनीही, त्या माणसाचा छोटासा व्हिडिओ पाहून, निवड केली. मग तिसऱ्याच गटाला चेहरे जुळवायला दिले. अनोळखी लोकांनी निवडलेल्या फोटोंवरून माणूस अधिक अचूक ओळखता आला. स्वतःच्या चेहऱ्याच्या आठवणींचा आपल्याकडे इतका ढीग असतो की आत्ता आपण कसे दिसतो हे त्याखाली दबून जातं.

यावरून कुणी म्हणेल, मग यंत्राने, अलिप्तपणे काढलेला फोटोच खरा. हा विचार जुना आहे आणि त्याने पुष्कळ नुकसान केलं आहे. १८८० च्या दशकात पॅरिसच्या पोलिसांत अल्फाँस बर्तियों याने गुन्हेगारांचे एक समोरून, एक बाजूने असे फोटो काढायची शिस्त घातली. ओळख पटवायला ते कामाचे होते. पण त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टनने अनेक कैद्यांचे चेहरे एकाच काचेवर एकावर एक उमटवून ‘गुन्हेगाराचा चेहरा’ शोधायचा प्रयत्न केला. निघाला एक साधासुधा, किंबहुना मूळ चेहऱ्यांपेक्षा देखणा चेहरा. गुन्हा चेहऱ्यावर लिहिलेला नव्हताच. आपल्याकडे इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत हिंदुस्थानातल्या जाती-जमातींचे फोटो छापले. त्यातली माणसं नावाने क्वचितच भेटतात. ती ‘अमक्या जातीचा नमुना’ म्हणून उभी आहेत, आणि सोबत त्या सगळ्या जातीच्या स्वभावावर शेरे आहेत. फोटोत चेहरा स्पष्ट आहे, माणूस पुसलेला आहे. बंगळुरूच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी २००० नंतर फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्यासोबत एक मालिका केली. तीत इंग्रजांच्या जुन्या फोटोंतल्या, चौकटींच्या पडद्यापुढे उभं करून मापं घेतलेल्या आदिवासी स्त्रीच्या जागी त्या स्वतः उभ्या राहिल्या. त्याच मालिकेत त्या राजा रविवर्मांची लक्ष्मीही झाल्या. हीच लक्ष्मी एकेकाळी मुंबईतल्या आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीतल्या छापखान्यातून निघून महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली होती. एकच बाई दोन्हीकडे पाहिली की कळतं, आधी साचा होता आणि माणसं त्यात बसवली गेली.

फोटोग्राफर कुशल असला की तो आतला माणूस बाहेर काढतो, असंही मानतात. त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे युसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावाच्या संसदभवनात काढलेला चर्चिल यांचा फोटो. कपाळाला आठ्या, एक हात कमरेवर, नजर रोखलेली. हिटलरपुढे न झुकणारा ब्रिटन म्हणून जगाने तो डोक्यावर घेतला. २०१६ मध्ये ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवरही तो आला. घडलं होतं असं की चर्चिल सिगार तोंडातून काढायला तयार नव्हते. कार्श पुढे झाले, माफी मागितली आणि सिगार सरळ ओढून काढला. परत कॅमेऱ्याशी येऊन बटण दाबलं तेव्हा चर्चिल खवळलेले होते. म्हणजे ज्या नजरेत लोकांना युद्धाचा निर्धार दिसला, ती सिगार गेल्याची चीड होती. लगेच पुढच्या फोटोत चर्चिल हसलेत. तोही त्यांचाच चेहरा, पण तो नोटेवर आला नाही. फोटो खोटा आहे असं मी म्हणत नाही. चीड खरीच होती. ती कशाची होती, हे मात्र फोटो सांगत नाही. तो अर्थ आपण आपल्या गरजेप्रमाणे भरतो.

सेल्फ-पोर्ट्रेट इथे वेगळं पडतं. तिथे बसणारा आणि काढणारा एकच असतो, त्यामुळे चौकटीत काय घ्यायचं, काय गाळायचं, अंगावर काय घालायचं, कुठे बघायचं, हे सगळं त्याने ठरवलेलं असतं. चेहऱ्याच्या स्नायूंवरून स्वभाव वाचता येत नाही, पण ही निवड वाचता येते. माणूस तिथे सापडतो.

उमरावसिंग शेरगिल यांचं उदाहरण घ्या. अमृता शेरगिलचे वडील ही त्यांची ओळख लोकांना असते. संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक, योगाची ओढ असलेले पंजाबी सरदार, बायको हंगेरियन, घर कधी बुडापेस्टला, कधी सिमल्याला, कधी पॅरिसला. १८९० च्या दशकापासून पुढची पन्नासेक वर्षं त्यांनी स्वतःचे फोटो काढले, आणि ते विकायला किंवा मिरवायला नव्हते. एका फोटोत ते पगडी आणि लांब कोटात, पुस्तकांच्या गराड्यात दिसतात. दुसऱ्यात केस मोकळे सोडलेले. १९३० च्या सुमाराला पॅरिसमध्ये, दीर्घ उपवासानंतर, त्यांनी लंगोट नेसून उघड्या अंगाने स्वतःचा फोटो काढला. साठीचा माणूस, छाती-पोट खपाटीला गेलेलं, दाढी लांब, पाठ ताठ. हा फोटो पॅरिसच्या घरात काढलाय हे लक्षात ठेवून पाहा. बाहेर मुली चित्रकला आणि संगीत शिकताहेत, घरात पाहुण्यांची वर्दळ, आणि गृहस्थ आपल्या शरीरावर उपवासाने काय केलं त्याची नोंद ठेवताहेत. यात ढोंग नाही, पण नाटक अजिबात नाही असंही नाही. कॅमेरा लावून, जागा ठरवून, ताठ बसूनच हा फोटो निघतो. पण कुठलं नाटक करावंसं वाटलं, हे ज्याचं त्याचं असतं. पुढे नातू विवान सुंदरम यांनी हे फोटो आणि अमृताची चित्रं-फोटो संगणकावर एकत्र जोडून नवी मालिका केली. तीत बाप आणि मुलगी कधी न घडलेल्या क्षणी एका खोलीत भेटतात.

जयपूरचे महाराजा सवाई रामसिंग दुसरे यांनी त्याच्याही आधी, १८६०-७० च्या काळात, काचेच्या प्लेटांवर स्वतःला टिपलं. कधी तलवारीसह राजा, कधी पूजेला बसलेला शिवभक्त. त्यांचा फोटो काढायला माणसांची वाण नव्हती, तरी हे काम त्यांना स्वतः करावंसं वाटलं.

आता दुसरं टोक. सॅम्युएल फोसो १९६२ मध्ये कॅमेरूनमध्ये जन्मला, लहानपण नायजेरियात गेलं. बाळपणी तो अंशतः पांगळा होता आणि म्हणून त्याचा तान्हेपणीचा फोटो काढलाच गेला नाही, असं त्याने सांगितलं आहे. तिथल्या बियाफ्राच्या यादवी युद्धातून वाचल्यावर तो एका नातेवाइकाकडे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बांगी शहरात आला आणि १९७५ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने फोटो स्टुडिओ थाटला. दिवसभर लोकांचे पासपोर्ट आकाराचे नि लग्नाकार्याचे फोटो काढायचे. संध्याकाळी रोलमधल्या काही फ्रेम उरायच्या. गिऱ्हाइकांना फोटो दुसऱ्या दिवशी द्यायचे म्हणून रोल तसाच ठेवता यायचा नाही. त्या उरलेल्या फ्रेमवर तो स्वतःला टिपायचा आणि फोटो नायजेरियातल्या आजीला पाठवायचा, मी ठीक आहे हे कळावं म्हणून. उंच टाचांचे बूट, पायाशी रुंद होणारी पँट, मोठा काळा चष्मा, मागे स्टुडिओचा पडदा. पोरगा कधी नट झालाय, कधी गायक. १९९४ मध्ये मालीतल्या बामाको शहरात हे फोटो पहिल्यांदा प्रदर्शनात लागले आणि मग जगाने त्याची दखल घेतली.

आजीला पाठवायच्या फोटोत पोरगं नटून उभं राहतं हे आपल्याला परकं नाही. आपल्याकडच्या जुन्या अल्बममध्ये पाहा. गावाहून मुंबईला गिरणीत लागलेला मुलगा स्टुडिओत जाऊन फोटो काढायचा आणि घरी पाठवायचा. मनगटावरचं घड्याळ दिसावं म्हणून हात मुद्दाम पुढे, खिशाला पेन, मागे रंगवलेला बाग-कारंज्याचा पडदा. चाळीतल्या खोलीत किती जण झोपतात ते त्या फोटोत नसायचं. पण आईला आपल्याबद्दल काय वाटावं ही त्याची इच्छा त्यात पुरेपूर असायची. त्या वयात, त्या शहरात, त्याच्यापाशी सर्वांत खरं असं तेच होतं.

आणि कुणालाच पाठवायचं नसेल तर? विवियन मायर शिकागोत मुलं सांभाळायचं काम करायची. फावल्या वेळात रस्त्यांवर फिरून तिने लाखाच्या घरात फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. कित्येक रोल धुतलेही नव्हते, म्हणजे ते फोटो तिने स्वतःही पाहिले नाहीत. २००७ मध्ये भाड्याच्या गोदामातलं तिचं सामान भाडं थकल्यामुळे लिलावात निघालं तेव्हा ते बाहेर आले. २००९ मध्ये ती गेली. या ढिगात तिचे स्वतःचे फोटो पुष्कळ आहेत: दुकानाच्या काचेत, गोल आरशात, गवतावर पडलेल्या हॅटवाल्या सावलीत. तिचा रोलिफ्लेक्स कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचा असतो. डोळ्याला लावायचा नसल्यामुळे आरशात चेहरा झाकला जात नाही. ती कधी खाली कॅमेऱ्यात बघते, कधी सरळ आरशात, आणि हसत जवळपास नाही. अनेक फोटोंत ती कडेला, अर्धी कापलेली, दुसऱ्याच कुणाच्या प्रतिबिंबात मिसळलेली आहे. आपण इथे होतो याची खूण ठेवायची, पण कुणाच्या नजरेत यायचं नाही, असं काहीसं त्यातून जाणवतं. तिच्या कुठल्याही एका फोटोवरून मी हे म्हणायला धजलो नसतो. शेकडो फोटोंत तीच सवय पुन्हा पुन्हा दिसते म्हणून म्हणतो.

फोन हातात आल्यापासून आपणही असे शेकडो फोटो काढतो, पण मध्ये एक तिसराच निवड करणारा शिरला आहे. ब्यूटी मोड त्वचेचे डाग पुसतो, डोळे मोठे करतो, हनुवटी निमुळती करतो आणि पुष्कळदा रंग उजळ करतो. रंग उजळायची खोड नवी नाही, स्टुडिओत हाताने रंगवलेल्या फोटोंतही गाल गोरे व्हायचेच. पण तिथे निदान कुणीतरी सांगितलेलं असायचं. इथे काहीच न सांगता यंत्राने ठरवलेलं असतं की सावळा चेहरा दुरुस्त करायला हवा. याचा मला मनापासून राग येतो, कारण कोवळ्या वयाच्या मुली रोज या दुरुस्तीशी स्वतःच्या आरशाची तुलना करतात. दक्षिण आफ्रिकेच्या झानेले मुहोली यांनी नेमकी उलट वाट धरली. २०१० च्या दशकातल्या त्यांच्या सेल्फ-पोर्ट्रेट मालिकेत फोटोतला काळा-पांढरा भेद इतका वाढवला आहे की त्वचा मुळापेक्षा कितीतरी काळी दिसते आणि डोळ्यांचा पांढरा भाग लखलखतो. एका फोटोत डोक्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचा मुकुट आहे. मुहोली यांच्या आई कित्येक दशकं गोऱ्या कुटुंबाकडे घरकाम करत होत्या आणि त्या फोटोला नावही आईचंच दिलं आहे. रंग इथेही बदललेलाच आहे, पण कुणी आणि कशासाठी बदलला ते स्पष्ट आहे.

तुम्हाला हे करून बघायचं असेल तर महागडं काही लागत नाही. ब्यूटी मोड पूर्ण बंद करा. फोन दीड-दोन मीटरवर टेकवून ठेवा आणि मागचा कॅमेरा वापरा. त्याचा मोठा फायदा म्हणजे स्क्रीन दिसत नाही, त्यामुळे चेहरा ‘बसवायची’ सवय चालत नाही. खिडकी एका बाजूला येईल असं बसा, एका गालावर सावली पडू द्या. दहा सेकंदांचा टायमर लावून हाताला काहीतरी काम द्या, भाजी निवडा, पुस्तक उघडा, शिवण घ्या, कारण रिकामे हात लगेच अवघडतात. काढण्याआधी हा फोटो कुणासाठी आहे ते ठरवा, आईसाठी, जुन्या मित्रासाठी, की कुणाहीसाठी नाही. उत्तर बदललं की बसणं बदलतं, हे तुम्हालाच दिसेल. लगेच पुसू मात्र नका, नावडलेलेही राहू द्या. मायरची सवय शेकडो फोटोंतून दिसली, तुमचीही एकातून दिसणार नाही. अर्जासाठी किंवा पासपोर्टसाठी फोटो निवडायचा असेल तेव्हा फोन शेजारच्या टेबलावरच्या, तुम्हाला फारसं न ओळखणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात द्या आणि तो म्हणेल तो लावा.